काचबेटाची समाप्ती

आमच्या आळीत कुणाचं पत्र आलं की ते माणूस पत्र तसंच हातात धरून आमच्या सोप्यात यायचं, कारण वाचणारी मी होते. आमच्या कळस गावात तेव्हा बायकांत वाचता येणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पुरुषांचं वाचन सहीपुरतं. माझे वडील, म्हणजे तात्या, अक्षराला अक्षर लावत एखादी ओळ वाचायचे आणि तेवढ्यात त्यांना घाम फुटायचा. मी पाचवीत होते. मी भरभर वाचायची, इतकी की तात्या म्हणायचे, "सुमे, जरा दमानं. बैलं उधळल्यावानी काय पळतीस?" पण पत्र द्यायचे माझ्याच हातात. लिहिणारा आमच्या आत्याला नमस्कार सांगायला विसरला असला, तर तो मी माझ्या पदरचा घालायची. आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण, विधवा होऊन आमच्याकडंच राहिलेली आणि घरावर हुकूम चालवणारी. नमस्कार ऐकून ती खूश व्हायची आणि मला गुळाचा खडा मिळायचा. या मानाची मला चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

त्या उन्हाळ्यात बारामतीच्या मावशीला मुदतीचा ताप आला आणि तिची कमल आमच्याकडं राहायला आली. कमल माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, नुकतीच सातवीच्या परीक्षेला बसलेली. तिचे वडील कचेरीत कारकून, त्यामुळं तिच्या तोंडात "आहे" आणि "नाही" असायचं, आमच्यासारखं "हाय" आणि "न्हाय" नाही. आल्याच्या चौथ्या दिवशी तिच्या वडिलांचं पत्र आलं. माझा हात पुढं झालाच होता. तात्यांनी पत्र तिला दिलं. तिच्या वडिलांचं पत्र तिला देणार नाहीत तर कुणाला देतील, हे मला त्या वेळी सुचलं नाही. तिनं ते वाचलं. सावकाश, शब्द न शब्द सुटा करून, जिथं थांबायचं तिथं थांबून. मावशीचा ताप उतरत नाही असं त्यात होतं, तरी तिचा आवाज हलला नाही. वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी घातली. मग आत्या म्हणाली, "वाचावं तर असं. डोळ्याम्होरं उभं ऱ्हातंय." आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आठ दिवसांत आळीतली सगळी पत्रं कमलकडं जाऊ लागली. मी शेजारी बसून माझ्या परकराची दशी ओढत असायची.

कमलच्या लोखंडी पेटीत एक पुस्तक होतं. तिच्या वडिलांनी ते वाचनालयाच्या रद्दीतून उचललेलं, पुढचं-मागचं कव्हर गेलेलं, कुणीतरी जाड पुठ्ठा लावून दोऱ्यानं शिवलेलं. नाव आतल्या पानांच्या माथ्यावर छापलेलं होतं, 'काचबेटाची किल्ली'. राजपुत्र नीलकेतूची आई आजारी पडते आणि समुद्रातल्या काचेच्या बेटावरच्या विहिरीचं पाणी आणल्याशिवाय ती बरी होणार नाही असं एक पक्षी सांगतो, म्हणून तो निघतो, अशी ती अद्भुत कादंबरी. आमच्याकडं तेव्हा बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम चाललं होतं. दुपारी जेवणं उरकली की आळीतल्या सात-आठ बायका सोप्यात यायच्या, मधे शेंगांचा ढीग, आणि तासन् तास नुसता कटकट आवाज. फोल जात्याकडं उडायचं, दाणे सुपात पडायचे. सुरकुतलेले दाणे आम्ही पोरींनी खायचे असा ठराव होता आणि संध्याकाळपर्यंत पोट बिघडायचं. अशा एका दुपारी कमल कोपऱ्यात बसून मनात वाचत होती, तर आत्या म्हणाली, "एकलीच काय हसतीस? आमाला बी कळू दे की." कमल मोठ्यानं वाचू लागली. थोड्या वेळानं शेंगांचा आवाज कमी कमी होत गेला आणि बायका फुटलेली शेंग हातात धरून ऐकत बसल्या.

ते अधिक महिन्याचे दिवस होते. अधिकात आमच्या सोप्यात दरवेळी पोथी लागायची. वाचायला बापू गुरव यायचे, पण त्यांच्या डोळ्यांत फूल पडल्यापासून त्यांचं वाचन थांबलं होतं आणि यंदा पाट रिकामा जाणार म्हणून आत्या हळहळत होती. कमलच्या वाचनाच्या तिसऱ्या दिवशी आत्यानं कोनाड्यातून तो पाट काढला, पुसला, शेजारी समई लावली आणि कमलला म्हणाली, "हितं बस." आई म्हणाली, "वन्सं, ती पोथी न्हाई, कादंबरी हाय." आत्या म्हणाली, "राजा हाय, राणी हाय, सत्व बघणारा मायावी हाय. पोथीत तरी दुसरं काय अस्तंय?" आईनं समईत तेल घातलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुठ्ठ्याला हळदीकुंकू लावलं. त्याच्या पुढच्या दिवसापासून बायका वाचनाआधी पुस्तकाला हात लावून तो कपाळाला लावायला लागल्या. मग पोथीचे सगळे नियमच आले. वाचन झालं की पुस्तक कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवायचं. पुढचं आधी वाचायचं नाही. आणि एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही, समाप्ती करून धोंड्याचा नैवेद्य दाखवायचा.

पुस्तकाबद्दल मला काय वाटत होतं, ते सांगणं कठीण आहे. मला ते आवडत होतं आणि आवडत होतं याचाच राग येत होता, कारण ते कमलच्या तोंडून येत होतं. काचेच्या बेटावर पावलं वाजू नयेत म्हणून नीलकेतू पायांना कापूस बांधतो, ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. माणसांची विसरलेली नावं गोळा करणारा पक्षी तर मला इतका आवडला की मी परसात कावळ्यांनाही नावं सांगायला लागले. पण लेखकानं दर दोन पानांआड चांदणं पसरून ठेवलं होतं. "तोच काय आश्चर्य!" हे तर इतक्या वेळा यायचं की पुढं आश्चर्य वाटेनासंच झालं. राजकन्या होती, तिला मूर्च्छा येण्याखेरीज काम नव्हतं. घोडा सात दिवस दौडायचा आणि त्याला कुणी वैरण घालायचं नाही. तात्या कधीमधी दारात उभे राहून ऐकायचे. बेटावरच्या बारमाही फळबागेचं वर्णन झालं तेव्हा ते म्हणाले, "समदं खरं, पर त्या बागंला पाणी कुठनं येतंय? खाऱ्या समुद्रात कुठला पाट?" बायका हसल्या. माझ्या मनात अगदी तेच आलं होतं. पण मी म्हटलं असतं तर कुणी हसलं नसतं, उलट "गप बस" म्हणाले असते. हल्ली माझ्या नातीच्या कपाटात अशा कादंबऱ्यांच्या सात-सात भागांच्या रांगा आहेत आणि ती मला विचारते, "आजी, पहिला भाग कसा वाटला?" तेव्हाही मी आधी खोड्याच काढते. ती सवय तिथली.

मधल्या आठवड्यात पत्र आलं की मावशी बडबडते आहे, माणूस ओळखत नाही. कमलनं तेही वाचलं. या वेळी ती शेवटच्या ओळीआधी थांबली आणि ती ओळ तिला वाचता येईना. आत्या उठली, तिनं देव्हाऱ्यातलं पुस्तक कपाळाला लावलं आणि सगळ्यांसमोर बोलली, "राणी बरी झाली का हिची आई बी उठंल. समाप्तीला पाच सवाष्णी जेवू घालीन." कमल त्या दिवसापासून वाचायला बसली की आधी डोळे मिटायची. सगळ्यांना तिचा कळवळा आला. मलाही यायला हवा होता. पण बायका तिच्या डोक्याला तेल लावत होत्या, आई तिला साय वाढत होती, तात्यांनी बाजारातून येताना तिला बांगड्या आणल्या, आणि माझ्या पोटात नुसतं दुखत होतं. मला वाटायचं, आजारी आई असली म्हणजे माणसाला सगळंच मिळतं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणापुढं उच्चारलेलं नाही.

समाप्तीच्या चार दिवस आधी, सकाळी सगळे मळ्यात गेले असताना, मी देव्हाऱ्यातलं पुस्तक काढलं. मला कमलच्या आधी शेवट हवा होता, एवढंच. उभ्याउभ्या मी शेवटचं प्रकरण वाचलं. नीलकेतू काचेच्या विहिरीत उतरतो, डोक्यावर पाणी मिटतं, तळाशी एक दार असतं, त्याला किल्ली लागते, दार उघडतं, आणि आत त्यानं पाहिलं तो... बस्स. खाली रेघ आणि "पहिला भाग समाप्त. नीलकेतूची माता बरी झाली काय? वाचा दुसरा भाग." पलीकडच्या पानावर केसांच्या तेलाची जाहिरात, बाटलीच्या चित्रासकट. मी पुस्तक जसं होतं तसं गुंडाळून ठेवलं. सांगायला हवं होतं. आत्याला सांगितलं असतं तर तिनं काहीतरी तोड काढली असती. पण मला दिसत होतं ते एवढंच, की भरल्या सोप्यात, पाच सवाष्णींसमोर, कमलचं वाचन आपटणार. चार दिवस मी ते सुख आंब्यासारखं अढीत घालून ठेवलं.

समाप्तीच्या दिवशी सकाळपासून पुरण शिजत होतं. कणकेचे उंडे पुरण भरून वाफवायचे, त्यावर तूप, असे ते धोंडे. पानं मांडून ठेवली होती, नैवेद्याचं ताट झाकलेलं होतं, रांगोळी घातली होती. सोप्यात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कमलनं नवं परकर-पोलकं घातलं होतं. ती छान वाचत होती. विहीर आली, पाणी आलं, दार आलं. बायकांनी श्वास धरला. "आणि आत त्याने पाहिले तो..." आणि कमल थांबली.

"वाच की," आत्या म्हणाली.

"संपलं, आत्या."

"संपलं? आन राणी?"

कमलनं पान उलटलं, परत आणलं, पुन्हा उलटलं. एक म्हातारी पुटपुटली, "अर्धी ऱ्हायली म्हना की पोथी. हे काय बरं न्हाई." दुसरी म्हणाली, "आता निवद कसा दावायचा?" आत्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिनं नवस बोललेला होता, तोही कमलच्या आईच्या जिवावर. मी कमलकडं पाहत होते. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, त्याच्यासाठीच मी थांबले होते. ती रडली नाही. ती त्या रेघेवर बोट ठेवून बसली होती, बोटाखालून आणखी एखादी ओळ निघेल अशा आशेनं, आणि तिचे ओठ हलत होते. ती "आई, आई" म्हणत होती. आवाज नव्हता.

"दे हिकडं," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "पानं चिकटल्यात ती."

मी तिच्या शेजारी पाटाच्या कडेवर बसले, तिच्या मांडीवरच्या पुस्तकाचं पान उलटलं आणि तेलाच्या बाटलीकडं बघत वाचायला लागले. "तोच काय आश्चर्य! दारापलीकडे एक हिरवागार मळा पसरला होता. एक वृद्धा मोट धरून उभी होती. ती म्हणाली, बाळा, या बेटावरील प्रत्येक झाडास मीच पाणी पाजते. तुला हवे तितके ने. परंतु भांड्यात नेशील तर त्याची वाफ होईल. ओंजळीतच नेले पाहिजे." मी दमानं वाचत होते. आयुष्यात पहिल्यांदा दमानं, कारण पुढचं वाक्य तयार व्हायला वेळ लागत होता. ओंजळ गळू नये म्हणून नीलकेतू सात दिवस बोट हलवत नाही, घोडा वाटेत चरायला थांबतो म्हणून त्याच्यावर चिडत नाही, नावं गोळा करणारा पक्षी त्याच्या खांद्यावर बसून त्याला झोपू देत नाही. "अखेर ओंजळीत उरलेले तीन थेंब त्याने मातेच्या ओठांवर सोडले. राणीने नेत्र उघडले आणि ती म्हणाली, केव्हा आलास? काही खाल्लेस की नाही?" इथं माझी आई फुंदायला लागली. मी "कथा संपूर्ण" म्हणून पुस्तक मिटलं. कमल शेजारीच होती. बाटलीचं चित्र तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिनं पुस्तक उचलून कापडात गुंडाळलं.

नैवेद्य झाला, धोंडे वाढले गेले. वाचणाऱ्याला द्यायचा नारळ आत्यानं कमलच्या ओटीत घातला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला! सगळी पोथी तिनं वाचलेली, नारळ तिचाच, यात कुणाची चूक नव्हती. पण समाप्ती माझी होती आणि ती माझी आहे हे सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघी मळ्याच्या पाण्याच्या पाटावर भांडी घासायला बसलो. निम्मी भांडी झाल्यावर कमल म्हणाली, "तू आधीच वाचलं होतंस. पान उलटताना तू शोधलं नाहीस."

"व्हय," मी म्हणाले.

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी फजिती व्हावी म्हनून. मला तुझा लई हेवा वाटतो."

तिनं पातेलं खळखळून धुतलं, पालथं घातलं. मला वाटलं, आता ही मारणार. ती म्हणाली, "शेवट तुझा आहे हे कुणाला सांगू नकोस. माझ्या आईला तर मुळीच नाही." आणि राखेचं भांडं माझ्याकडं सरकवलं.

पाच दिवसांनी पत्र आलं. ताप उतरला होता, मावशीनं पेज मागितली होती. आत्यानं आळीभर साखर वाटली. त्याच रात्री जेवताना तात्यांनी जाहीर केलं की सातवी झाली की सुमीला बारामतीच्या हायस्कुलात घालायची, राहील मावशीकडं. आत्या म्हणाली, "पोरीच्या जातीला कशाला?" तात्या माझ्या पानात वरण ओतत म्हणाले, "मी दारात हुबा व्हतो, आक्का. बाटली मला बी दिसली. जी पोरगी छापल्याबिगर वाचती, तिला घरात ठिवून काय करायचं?" आत्याला बाटलीचं काही कळलं नाही. मी वरणात भात कालवत राहिले.

दोन वर्षांनी मी बारामतीला गेले तेव्हा कमलची शाळा सुटलेली होती. मावशी उठली होती, पण तिच्या अंगात ताकद आली नव्हती. घागर उचलणं, चुलीपुढं बसणं तिला जमत नव्हतं. ते सगळं कमलवर आलं. पहाटे उठून ती माझा डबा करायची. मी गणवेश घालून निघाले की ती दारात यायची नाही. माझ्या पुस्तकांना तिनं कधी माझ्यासमोर हात लावला नाही. एकदा मी लवकर आले तर माझं इतिहासाचं पुस्तक पिठाच्या डब्यामागं उघडं पडलं होतं आणि पानावर पिठाचं बोट उमटलेलं होतं. मी ते पाहिलं नाही असं केलं. कसा वाटतो हेवा, ते मला चांगलं ठाऊक होतं. तो आता तिच्याकडं होता आणि त्यात माझं सुख काडीइतकंही नव्हतं.

त्याच वर्षी वाचनालयात मला 'काचबेटाची किल्ली'चा दुसरा भाग सापडला. मी धावतच घरी आले. कमल भाकरी थापत होती. पुस्तक पाहून तिचा हात थांबला. तिनं पदराला हात पुसलेसुद्धा, आणि मग ते मागं घेतले.

"नको," ती म्हणाली.

"अगं, खरा शेवट हाय ह्यात."

तिनं हनुवटीनं आतल्या खोलीकडं दाखवलं. मावशी तिथं मेथी निवडत बसली होती. "ती तुझ्या शेवटावर उठली. ह्यात काही भलतंच असलं तर?"

"कमल, ती तेलाची जाहिरात व्हती."

"मला सांगतेस? पुस्तक माझ्याच मांडीवर होतं."

मग तो भाग मी एकटीनं वाचला, शाळेच्या व्हरांड्यात, मधल्या सुट्टीत, तीन दिवस. दाराआड पाणी नव्हतंच. नीलकेतू रिकाम्या हातांनी परत येतो आणि राणी दुसऱ्या प्रकरणात मरते. त्या चांदणं पसरणाऱ्या लेखकानं तिचं मरण चार साध्या ओळींत लिहिलं होतं, एकही आश्चर्य न घालता. माझे तीन थेंब त्याच्यापुढं पोरकट होते. मला त्या माणसाचा इतका मत्सर वाटला की पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं, आणि मी ती चार ओळींची जागा पुन्हा पुन्हा वाचली. ती किती चांगली आहे हे कुणाला तरी सांगायला जीभ वळवळत होती. ते कळेल असं माणूस त्या घरात एकच होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मी जेवायला बसले. कमलनं भाकरी वाढली, पिठलं वाढलं, तव्यावर दुसरी भाकरी टाकली. माझ्याकडं पाठ करूनच तिनं विचारलं, "झालं वाचून?"

"झालं."

तिनं भाकरीवर पाणी फिरवलं.

"राणी?"

"बरी होते," मी म्हणाले.